आपल्यावरून जग ओळखावं, पण कुठवर?

नळस्टॉप

परवा आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. (कोथरूड, अकरा मजले, दोन लिफ्ट. एवढ्यावरून कुणी ओळखलंच तर कृपया गप्प बसा.) विषयपत्रिकेवर सातवा विषय होता: घरकामाच्या बायका, डिलिव्हरीची मुलं आणि कचरा नेणारे यांनी फक्त मागची लिफ्ट वापरावी आणि तशी नोटीस पुढच्या लिफ्टपाशी लावावी. पाण्याच्या टँकरवरून तासभर जुंपली, त्यामुळे हा विषय पुढच्या सभेवर ढकलला. पण उठता उठता जे बोलणं झालं ते डोक्यातून जात नाहीये.

मी म्हटलं, "उद्या तुम्ही दुसऱ्याच्या इमारतीत कामाला गेलात आणि तुम्हाला असं सांगितलं, तर चालेल का?" मला वाटलं, हा हुकमाचा एक्का. तर चौथ्या मजल्यावरचे काका शांतपणे म्हणाले, "चालेल की. नोकरीत होतो तेव्हा साहेबांच्या लिफ्टने कधी गेलो नाही. त्यात मला काही वाटलं नाही." काका खोटं बोलत नव्हते. माणूस सरळ आहे.

त्यावर खजिनदार म्हणाले, "चांगलं-वाईट ज्याच्या त्याच्या मानण्यावर असतं. आपण मतदान घेऊ."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. काकांच्या उत्तरापुढे 'आपल्यावरून जग ओळखावं' हा नियम लंगडा पडला का? आणि ठराव बहुमताने मंजूर झाला, तर तेवढ्याने तो योग्य होतो का? माझं मन म्हणतं, होत नाही. पण कशाच्या जोरावर होत नाही, ते मला धड सांगता येत नाही.

दुपारची_झोप

आमच्या गल्लीत एका फाटकावर पाटी आहे: "येथे गाडी लावू नये. आम्ही तुमच्या दारात लावतो का?" एवढ्या कमी शब्दांत हा नियम पेठांबाहेर कुणी सांगितला असेल तर दाखवा. (हलकेच घ्या.)

निवृत्त_मास्तर

नळस्टॉपताई, तुमचा एक्का फार जुना आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात बृहस्पती युधिष्ठिराला सांगतो, 'न तत्परस्य संदध्यात् प्रतिकूलं यदात्मनः'. आपल्याला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याच्या वाट्याला आणू नये. कन्फ्यूशियसला शिष्याने विचारलं, जन्मभर पाळता येईल असा एखादा शब्द आहे का? त्याने जो शब्द दिला त्याचा अर्थ त्याने असाच उलगडून सांगितला. ज्यूंच्या तालमुदात गोष्ट आहे: एकजण हिल्लेल नावाच्या धर्मगुरूकडे येऊन म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात सगळं धर्मशास्त्र शिकवा. हिल्लेलने हेच सांगितलं आणि पुढे म्हणाला, बाकी सगळं यावरचं भाष्य, आता जा आणि शिक. बौद्धांच्या धम्मपदात 'अत्तानं उपमं कत्वा' आहे: सगळेच दंडाला भितात, सगळेच मरणाला भितात, तेव्हा स्वतःची उपमा घे आणि मारू नकोस, मारवू नकोस. येशूच्या तोंडी हाच नियम होकारी रूपात येतो, लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं तसं तुम्ही त्यांच्याशी वागा.

खजिनदारांना माझा एक निरोप द्या. तुमच्यापासून जवळच, भांडारकर संस्थेत, १९१९ पासून १९६६ पर्यंत माणसं खपली आणि बाराशेहून जास्त पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. पोथ्या एकमेकींशी भांडतच होत्या. म्हणून कुणी "ज्याची त्याची पोथी" म्हणून हात झटकले नाहीत, आणि जास्त पोथ्यांत आहे तेच खरं असं म्हणून नुसती डोकीही मोजली नाहीत. कोणती पोथी कोणत्या परंपरेतली, एकमेकींशी संबंध नसलेल्या पोथ्या कुठे जुळतात, याची कारणं दिली. मतभेद आहेत म्हणजे उत्तरच नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

कोडकर

मास्तर, पोथ्यांच्या मागे कुठेतरी एक जुना पाठ होता, म्हणून शोधायला काहीतरी होतं. नीतीच्या मागे काय आहे?

इतक्या ठिकाणी तोच नियम सापडतो याचं कारण साधं आहे. तो कामाला येतो. रॉबर्ट ॲक्सेलरॉड नावाच्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास संगणकावर स्पर्धा लावली. प्रत्येक प्रोग्रामने दुसऱ्याशी पुन्हापुन्हा व्यवहार करायचा, दर वेळी सहकार्य करायचं की दगा द्यायचा ते ठरवायचं. दोनदा स्पर्धा झाली, दोन्ही वेळा अनातोल रॅपपोर्टचा चार ओळींचा प्रोग्राम जिंकला. पहिल्या खेपेला चांगलं वाग, नंतर समोरचा वागेल तसं वाग. म्हणजे आपलं 'जशास तसे'. माकडांतही याची सुरुवात दिसते. २००३ मध्ये कॅपुचिन माकडांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच कामाला शेजारणीला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळाली की माकडीण काकडी नाकारायची, कधी कधी फेकून द्यायची. न्यायबुद्धी म्हणतात ती एवढीच. उत्क्रांतीत टिकली, आपल्यात उतरली. तिला आकाशात आधार शोधू नका.

नळस्टॉप

कोडकर, थांबा. बेरीज करायची अक्कलही उत्क्रांतीतूनच आली असणार. म्हणून दोन अधिक दोन चार हे केवळ जगायला सोयीचं ठरतं का? सवय कुठून आली हे कळलं म्हणजे ती बरोबर आहे की चूक, हे कळलं असं नाही.

माकडांचं उदाहरण मला तर उलट वाटतं. ओरड करतं ते काकडीवालं माकड. 'मला कमी का' हे आमच्या सोसायटीतही प्रत्येकाला येतं, टँकरच्या वेळी तासभर तेच चाललं होतं. हातात द्राक्ष असताना 'तिला काकडी का' असं विचारायला लावणारा नियम मला हवा आहे.

भिकारदास_मारुती

आणि जशास तसे हा सुवर्णनियम, म्हणजे ताईंचा 'आपल्यावरून जग ओळखावं', नाहीच. तुम्ही जसे वागलात तसा मी वागेन, असा तो हिशेब आहे. सुवर्णनियम समोरच्याने अजून काही केलेलं नसतानाही लागू होतो. ज्याच्याशी परत गाठ पडणार नाही, जो आपलं काही वाकडं करू शकत नाही, त्याच्याशीसुद्धा. जशास तसे तिथे मुकं असतं. घरकामाची बाई सोसायटीला जशास तसे काय करणार? फार तर काम सोडेल, दुसरी येईल.

पण नियमावर खरा वार जर्मन तत्त्वज्ञ कांटने केलाय, १७८५ मध्ये, तोही तळटिपेत. आरोपी न्यायाधीशाला म्हणेल, महाराज, माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला शिक्षा आवडली असती का? नाही ना, मग सोडा मला. दुसरं, "मी कुणाला मदत करणार नाही, मलाही कुणी करू नका" असं म्हणणाऱ्या माणसाला हा नियम अडवत नाही. तुमचे चौथ्या मजल्यावरचे काका या दुसऱ्या गटात बसतात.

निवृत्त_मास्तर

पहिल्या वाराला पुण्यातच उत्तर आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चौकशी रामशास्त्री प्रभुण्यांकडे होती. राघोबादादांना त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि आपण पुणं सोडून गेले, असं सांगतात. राघोबाच्या जागी मी असतो तर, एवढंच मनात आणलं असतं तर शास्त्री विरघळले असते. पण जागा एकच नव्हती. नारायणरावाचीही जागा होती, त्याच्या बायकोची होती, उद्या ज्यांना वाड्यावर न्याय मागायला यायचं होतं त्यांची होती. न्यायाधीशाने सगळ्या जागांवर बसून पाहायचं असतं. समोर जो रडतो आहे त्याच्याच जागी बसणं ही दया झाली, आणि ती बहुतेक वेळा आपल्यातल्याच माणसावर केली जाते. आपला तो बाब्या.

अमृततुल्य

माझं चहाचं दुकान आहे, मला तत्त्वज्ञान कळत नाही. पण आपल्यावरून जग ओळखलं तर धंदा बुडेल एवढं नक्की. मला साखर तीन चमचे लागते. मी स्वतःवरून ओळखून सगळ्यांना तसाच दिला तर? निम्म्या गिऱ्हाइकांना मधुमेह आहे.

कोडकर

अमृततुल्य, बर्नार्ड शॉने १९०३ मध्ये हेच लिहून ठेवलंय. लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं तुम्हाला वाटतं तसं त्यांच्याशी वागू नका, त्यांची आवड वेगळी असू शकते. तुम्ही तेच साखर घालून सांगितलंत.

निवृत्त_मास्तर

मी मघाशी श्लोक अर्धाच दिला, चूक माझी. दुसरी ओळ आहे, 'एष संक्षेपतो धर्मः कामादन्यः प्रवर्तते'. थोडक्यात धर्म हा, आणि याहून वेगळं जे काही ते इच्छेतून चालतं. म्हणजे श्लोकाने आवडीनिवडीला पहिल्यापासूनच पलीकडच्या काठावर ठेवलंय. तीन चमचे साखर ही माझी इच्छा. दुसऱ्याने साखर घालण्याआधी मला विचारावं, ही मात्र नुसती माझी आवड म्हणता येणार नाही. पिणारा मी आहे, म्हणून विचारायचं. मग हेच कारण प्रत्येक पिणाऱ्याला लागू आहे. मला विचारा आणि त्याला विचारू नका असं म्हणायचं असेल, तर आमच्या दोघांत फरक काय ते दाखवलं पाहिजे.

अमृततुल्य

विचारतोच की. "साखर कमी?" हे दिवसातून दोनशे वेळा म्हणतो.

कोडकर

बरं, मान्य. पण फरक दाखवायला माणसं कायम तयारच असतात. "त्या बायका पिशव्या घेऊन येतात, लिफ्टला वास येतो" हा फरक झाला. आणि काकांनी तर फरकही दाखवला नाही, सरळ 'मलाही चालेल' म्हणाले. इंग्लंडचा तत्त्वज्ञ आर. एम. हेअर आयुष्यभर याच ठिकाणी डोकं आपटत राहिला. महायुद्धात तो जपान्यांच्या कैदेत होता, त्यामुळे त्याला हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १९६३ मध्ये त्याने लिहिलं: समजा नाझीला कळलं की आपणच ज्यू आहोत, आणि तो म्हणाला, ठीक आहे, मग मलाही मारा. त्याच्या बोलण्यात विसंगती नाही. अशा माणसाला तुमचा नियम काय करणार?

दुपारची_झोप

लिफ्टवरून नाझींवर आलो. आता मी झोपतो, चारनंतर भेटू.

गंजपेठकर

काकांचा मुद्दा मला वेगळा वाटतो. काकांनी कल्पना केली ती घरकामाच्या बाईची नव्हे. त्यांनी स्वतःला उचललं, स्वतःच्या पेन्शनसकट, आडनावासकट, आणि मागच्या लिफ्टमध्ये ठेवलं. साहेबांची लिफ्ट साहेबांची होती, पण संध्याकाळी घरी आल्यावर काका आपल्या जिन्याचे मालक होते. तिला घरी गेल्यावरही नळाच्या रांगेत तेच ऐकून घ्यावं लागतं, तिच्या आईनेही ऐकलं. त्यामुळे 'मला काही वाटलं नाही' ही काकांच्या आयुष्याची साक्ष झाली. तिच्या आयुष्याची नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे खरं असेल तर आपल्यावरून जग ओळखायला निघालेल्याने आधी ज्याचं जळतं त्याच्याकडे जायला हवं.

या शहराला एक इतिहासही आहे, तो मास्तरांनी सोयीस्कर टाळला. लोकमान्यांनी मंडालेत लिहिलेलं गीतारहस्य १९१५ मध्ये आलं. त्यात आत्मौपम्यावर, म्हणजे दुसऱ्याला आपल्यासारखंच मानण्यावर, खल आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर हे ठीक, पण का करायचं? तर सर्वांभूती एकच आत्मा आहे म्हणून, हे उत्तर आपल्या वेदान्तात आहे, असा तो युक्तिवाद. पॉल डॉयसन या जर्मन पंडितानेही १८९३ मध्ये मुंबईत हेच मांडलं होतं. युक्तिवाद देखणा आहे. माझा प्रश्न एवढाच की एवढं भक्कम कारण हाताशी असून ज्या पुण्यात ते घोकलं गेलं तिथे पाणी कुणाला मिळत होतं? जोतीरावांनी आपल्या घरचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. त्यांना त्यासाठी आत्म्याचं ऐक्य सिद्ध करत बसावं लागलं नाही. समोरच्याला तहान लागते, एवढं पुरलं.

निवृत्त_मास्तर

टाळला नाही हो. पण टोला बसला, खरं आहे. एक भर घालतो: तुकोबांनी ऐक्य सांगितलं तेही तहानेच्याच भाषेत. 'तुका म्हणे एका देहाचे अवयव, सुख दुःख जीव भोग पावे'. पायाला काटा लागला की डोळ्यात पाणी येतं, डोळा तत्त्वज्ञान विचारत नाही. त्याच अभंगात 'भेदाभेद भ्रम अमंगळ' आहे. भेद पाळणं चुकीचं आहे एवढ्यावर तुकोबा थांबत नाहीत, तो *भ्रम* आहे म्हणतात. भ्रम म्हणजे जे नाही ते दिसणं. आता, ज्याच्याबाबत भ्रम होऊ शकतो तिथे खरं-खोटं असतंच ना? खजिनदार म्हणतात तसं नुसतं ज्याच्या त्याच्या मानण्यावर असतं, तर भ्रम कुणालाच झाला नसता.

प्रशासक

टिळक-फुले तुलना इथेच थांबवावी, मागच्या धाग्याचं काय झालं ते सर्वांना आठवत असेल. विषय लिफ्ट आणि नीतीचा आहे.

शेर_पायली

आमचं भुसारचं दुकान होतं, आजोबांपासून. ते सांगायचे की शेर गावागणिक वेगळा. एकाच पायलीत इथे मावेल ते तिथे मावायचं नाही, आणि व्यापाऱ्याची घ्यायची पायली वेगळी आणि द्यायची वेगळी, ही चोरी तर सर्रास. मग १९५६ चा कायदा झाला, १९५८ पासून किलो यायला लागला. मापं शंभर होती म्हणून धान्याला वजनच नव्हतं असं आजोबा कधी म्हणाले नाहीत. उलट, घ्यायची आणि द्यायची पायली वेगळी ठेवणारा लबाड, हे कुठल्याही गावात, कुठल्याही शेरात कळायचं. मला वाटतं तुमचा नियम म्हणजे एवढाच. घ्यायची पायली तीच द्यायची.

कोडकर

वा, हे आवडलं. पण वजन काटा नसतानाही असतं, माणूस नसतानाही असतं. डोंगरावरचा दगड कुणी नसताना जडच असतो. चांगलं-वाईट माणसं नसताना कुठे असतं?

ओपीडी_बंद

आजार शरीर नसताना कुठे असतो? कुठेच नाही. म्हणून आजार मानण्यावर असतो का? रोज येतात माझ्याकडे, "मला काही झालेलं नाही डॉक्टर, बायको घेऊन आली म्हणून आलो", आणि साखर चारशे. वस्तुनिष्ठ असायला आकाशात असावं लागत नाही. ज्यांना दुखतं असे जीव आहेत आणि कारणं मागणारी-देणारी माणसं आहेत, तोवर त्यांच्याशी कसं वागलं तर बिघडतं हे मतदानाने बदलत नाही. माझ्या सोसायटीने बहुमताने ठराव केला म्हणून माझ्या पेशंटची साखर खाली येणार नाही.

बाकी सगळ्याच प्रश्नांना एकच उत्तर असेल असं मी म्हणत नाही. पथ्य माणसागणिक बदलतं, पण विष विषच.

कोडकर

आणि हेअरचा नाझी?

ओपीडी_बंद

तसा पेशंट मी पाहिलेला नाही. पुस्तकात असतो. प्रत्यक्षात "मलाही मारा" म्हणणारे नसतात, "मी तसा नाहीच" म्हणणारे असतात.

कोडकर

हे उत्तर नव्हे, पळवाट आहे. पण सध्या माझ्याकडेही उत्तर नाही.

गंजपेठकर

प्रशासकांची माफी मागून एकच. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये, लाहोरला जे भाषण करू दिलं नाही त्यात, नियम आणि तत्त्व यांत फरक केलाय. नियम म्हणजे ठरलेल्या रीतीने असं कर, तसं कर. तत्त्व म्हणजे पारख करायचं साधन. नियम पाळताना डोकं बाजूला ठेवता येतं, तत्त्व वापरताना ठेवता येत नाही, आणि चुकलं तर जबाबदारी तुमची. आपण याला उगाच 'सुवर्णनियम' म्हणतो आणि मग तो यंत्रासारखा चालत नाही म्हणून त्याच्यावर रुसतो. तो नियम नाहीच. नळस्टॉपताई, तुम्ही सभेत काकांना विचारलंत, आम्हाला विचारलंत. तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना विचारलंत का?

नळस्टॉप

नव्हतं विचारलं. हे वाचून दोन दिवस लाज वाटली, आज सकाळी विचारलं.

मावशी आठ वर्षं येतात. मी म्हटलं, मावशी, मागच्याच लिफ्टने जा असं सांगितलं तर? त्या भांडी घासत होत्या, मागे वळल्याही नाहीत. "जाऊ की ताई. मागची काय, पुढची काय. वर पोचल्याशी कारण. पण ती नोटीस का काय म्हणतात ती नका लावू देऊ." मी विचारलं, का? म्हणाल्या, "मला कुठं वाचता येतंय. पण सुट्टीत पोरगी येते ना माझ्यासंगं. तिला येतं."

मी काहीच बोलले नाही. मग थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "लिफ्टचं काय घेऊन बसलात. साडेसहाला घर सोडते, पाच घरं करते, दोन वाजतात. मधी जायचं कुठं?" मला आधी कळलंच नाही कुठे म्हणजे काय. त्या सकाळी पाणी पीत नाहीत. मी चहा विचारते तेव्हा अर्धा कप म्हणतात, मला आठ वर्षं वाटत होतं त्यांना चहा कमी लागतो.

पाच घरांत मिळून दहा संडास आहेत. माझ्याकडचे दोन त्यात आले. मी कधी नाही म्हटलेलं नाही. त्यांनी कधी विचारलेलं नाही.

अमृततुल्य

अर्धा कप मागणाऱ्या बायका माझ्याकडे पण येतात. आता उद्यापासून मला काहीतरीच वाटणार.

शेर_पायली

ताई, गेटजवळ वॉचमनच्या केबिनमागे जागा असते बघा बहुतेक सोसायट्यांत. ड्रेनेजची लाइन तिथूनच जाते, खर्च फार येत नाही.

नळस्टॉप

जागा आहे. मी सातव्या विषयाच्या जागी हा विषय लेखी दिलाय. खजिनदारांचं लगेच उत्तर आलं की खर्च फ्लॅटमागे सारखा घ्यायचा की चौरस फुटावर, हे आधी ठरवा. दोन बीएचके विरुद्ध तीन बीएचके असा नवा संग्राम सुरू झालाय. माझ्या घरापुरतं मी मावशींना सांगितलं. त्या "हो हो" म्हणाल्या, पण गेल्या नाहीत.

चौथ्या मजल्यावरच्या काकांनाही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बांधा. पण किल्ली कुणाकडे राहणार?"

कोडकर

काकांनी बरोबर विचारलंय. वॉचमनकडे ठेवू नका. पुरुषाकडे किल्ली मागून सगळ्यांदेखत जायचं म्हटलं तर कुणी जाणार नाही. आतून कडी ठेवा, बाहेरून कुलूपच नको.